जीआय१/०/२४ म्हणजे नेमका कुठला पोर्ट? राउटर-स्विचवरच्या इंटरफेसची नावं वाचायची कशी

शहापूरकर

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. आमचं नेटवर्क बघणारे सर जूनमध्ये निवृत्त झाले आणि सर्व्हर रूमची किल्ली माझ्याकडं आली. जाताना सर एक वही देऊन गेलेत. वहीत दोनच रकाने, खोली आणि पोर्ट (स्विच किंवा राउटरवरचं वायर घालायचं भोक). "लायब्ररी – जीआय१/०/२४", "फी काउंटर – जीआय२/०/२४", "जुनी इमारत – टीई१/१/१", "राउटर – जीआय०/०/१", असं.

काल लायब्ररीचं नेट गेलं. मी वही उघडली, रॅकमधल्या सगळ्यात वरच्या स्विचवरचा २४ नंबरचा पोर्ट शोधला, वायर काढून परत घातली. लायब्ररीत काहीच फरक पडला नाही. दोन मिनिटांत ऑफिसातून फोन आला की फी भरायचं काउंटर बंद पडलंय. ॲडमिशनचे दिवस, बाहेर रांग, त्यात खानापूरकडच्या खेड्यांतून आलेली पोरं, परतीची बस चुकायच्या काळजीत. मला फार वाईट वाटलं.

वरचा स्विच म्हणजे १ असं मी धरून चाललो होतो. मधलं शून्य कशाचं? राउटरवर १ च्या जागी शून्य का? टीई म्हणजे काय? घरी मायक्रोटिक कंपनीचा राउटर आहे, त्यावर नुसतं इथर१ लिहिलंय. लॅबमधल्या लिनक्सवर ईएनपी३एस० दिसतं. हे सगळं वाचायची काही एक रीत आहे का? मला पाठांतर नको, समजून घ्यायचंय.

उद्यमबागवाला

भावा, आधी वायरींना हात लावायचं थांबव. कन्सोलवर (लॅपटॉप वायरीनं स्विचला जोडून कमांड द्यायची जागा) "शो स्विच" मार. स्टॅकमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडून एकाच मशीनसारखे चालवलेल्या स्विचमध्ये, वरचा १ नंबरचा असतो असा काही नियम नाही. बाकी रात्री सविस्तर लिहितो, आता शिफ्टवर आहे.

कॅम्पातली

शहापूरकर, मी मूळची कॅम्पातली, आता बेंगळुरूला नेटवर्कचंच काम करते. तुमचा प्रश्न चांगला आहे, कारण बहुतेक जण हे तोंडपाठ करतात आणि मशीन बदललं की अडकतात.

एक सवय लावून घ्या: नाव उजवीकडून वाचायचं. शेवटचा आकडा नेहमी पोर्ट. त्याच्या डावीकडचा आकडा तो पोर्ट ज्या खोक्यात बसलाय ते खोकं. त्याच्याही डावीकडचा, ते खोकं ज्या मोठ्या खोक्यात बसलंय ते. जसं पत्ता सांगताना आपण खोली, मग घर, मग गल्ली असं बाहेर येतो.

जीआय१/०/२४ घ्या. २४ वा पोर्ट. मधलं ० म्हणजे स्विचच्या अंगातच बसवलेले पोर्ट, वेगळं मॉड्यूल नाही. डावीकडचा १ म्हणजे स्टॅकमधला सदस्य क्रमांक १. आता टीई१/१/१ बघा. पोर्ट १, पण मधे ० च्या जागी १ आलाय, म्हणजे हा पोर्ट अंगातला नाही, उजव्या बाजूला सरकवून बसवलेल्या अपलिंक (दुसऱ्या मशीनकडं जाणाऱ्या वायरींच्या) मॉड्यूलवरचा आहे. सदस्य तोच, १ नंबरचा. मधल्या आकड्याकडं लोक बघतच नाहीत आणि फायबरची वायर सोडून तांब्याच्या पोर्टावर शोधत बसतात.

राउटरवरचं जीआय०/०/१ तीन आकड्यांचंच आहे, पण तिथं स्टॅक नसतो. तिथं डावीकडून स्लॉट, सबस्लॉट, पोर्ट. सिस्को कंपनीच्या ४००० मालिकेत अंगातले पोर्ट ०/०/०, ०/०/१ असे जातात आणि बाहेरून घातलेलं सिरीयलचं कार्ड सिरीयल०/१/० असं दिसतं. म्हणजे आकडे तितकेच, अर्थ वेगळा. म्हणून नाव वाचायच्या आधी मशीन कुठलं ते बघायचं.

शून्य की एक, यात खोल कारण शोधू नका. सिस्कोच्या राउटरवर पोर्टांची मोजणी सहसा शून्यापासून होते, स्विचवर सहसा एकपासून. जुन्या २९६० स्विचवर एफए०/१ ते एफए०/२४ असतं, तर १८४१ राउटरवर पहिलाच पोर्ट एफए०/०. ज्युनिपर कंपनीच्या मशीनवर सगळंच शून्यापासून: जीई-०/०/० हा पहिला पोर्ट. त्यामुळं ज्युनिपरवर जीई-०/०/२३ म्हटलं की ते स्विचवरचं चोविसावं भोक. फोनवरून कोणाला वायर काढायला सांगताना हे विसरलात तर शेजारचा बंद पडतो.

आता अक्षरं. ई म्हणजे इथरनेट, १० एमबीपीएसच्या काळातलं. एफए म्हणजे फास्ट इथरनेट, १०० एमबीपीएस. जीआय गिगाबिट, टीई टेन गिगाबिट, त्याच्या पुढं एफओ चाळीस आणि एचयू शंभर गिगाबिट. ज्युनिपर तेच जीई, एक्सई आणि ईटी असं लिहितं. ही अक्षरं पोर्टाची कुवत सांगतात, आत्ताचा वेग नाही. जुना प्रिंटर जोडला आणि लिंक १०० वर आली तरी पोर्टाचं नाव जीआयच राहतं. आणि सिस्कोच्याच नेक्सस स्विचवर वेग कितीही असो, नाव फक्त इथरनेट१/१. तिथं नावावरून वेग कळायचा मार्गच नाही.

आपल्या गाड्यांच्या नंबरसारखं समजा. केए-२२ म्हटलं की गाडी बेळगावला नोंदलेली, केए-२३ म्हटलं की चिकोडीला. पण गाडी आत्ता कुठं उभी आहे, कोण चालवतोय, आत ऊस आहे की पाहुणे, हे नंबरावरून कळत नाही. इंटरफेसचं नावही पोर्ट मशीनमध्ये कुठं बसलाय एवढंच सांगतं. त्याच्या पलीकडं लायब्ररी आहे की फी काउंटर, ते माणसानं लिहून ठेवावं लागतं, आणि ते वहीत नाही, त्या पोर्टावरच.

शहापूरकर

ताई, फार फार आभार. उजवीकडून वाचायचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. "पोर्टावरच लिहायचं" म्हणजे डिस्क्रिप्शन ना?

कॅम्पातली

हो, तेच. इंटरफेसच्या खाली "डिस्क्रिप्शन" लिहून पुढं मजकूर. मग "शो इंटरफेसेस डिस्क्रिप्शन" मारलं की सगळी यादी एका पडद्यावर. वही हरवते, भिजते, स्विचमधलं लिहिलेलं स्विचबरोबर राहतं. मात्र "राइट मेमरी" करायला विसरू नका, नाहीतर वीज गेली की तेही गेलं.

व्हीटीयू_पाचवं_सेम

मी पॅकेट ट्रेसरवर (सिस्कोचं सरावाचं सॉफ्टवेअर) शिकायलोय. पुस्तकात इंटरफेस एफए०/० लिहिलंय, मी तसंच टाकलं तर खाली टोपीसारखी खूण येऊन इनपुट चुकीचं म्हणतोय. मी घेतलेला राउटर ४३३१ आहे. काय चुकतंय?

कॅम्पातली

चुकत काही नाही, पुस्तक जुन्या राउटरसाठी लिहिलंय. ४३३१ वर एफए नाहीतच, तिथं जीआय०/०/० पासून सुरुवात. कुठलंही मशीन हातात आलं की पहिली कमांड "शो आयपी इंटरफेस ब्रीफ". मशीनला त्याचे पोर्ट काय काय आहेत ते मशीनलाच विचार, मग पुस्तक उघड.

आणि सबइंटरफेस, म्हणजे एकाच पोर्टाचे आत पाडलेले भाग, करशील तेव्हा एक लक्षात ठेव. जीआय०/०/१.१० मधला टिंबानंतरचा १० म्हणजे व्हीलॅन (त्याच वायरींवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) १० असं सगळे समजतात. तो फक्त एक क्रमांक आहे. व्हीलॅन ठरतो तो खाली लिहिलेल्या "एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू १०" या ओळीनं. दोन्ही सारखे ठेवायची पद्धत चांगली आहे, पण मशीनला त्याच्याशी देणंघेणं नाही. परीक्षेत यावर हमखास फसतात.

उद्यमबागवाला

आलो. स्टॅकचं सांगतो म्हटलं होतं.

मी एका कारखान्यात आहे, कास्टिंगचं काम. आमच्याकडं तीन स्विचचा स्टॅक होता, त्यातला २ नंबरचा जळाला. दुसऱ्या शेडमध्ये एक तसाच स्विच रिकामा पडला होता, तो आणला, बंद असतानाच स्टॅकच्या केबल जोडल्या आणि चालू केला. सगळे दिवे हिरवे. आम्ही खूश होऊन जेवायला गेलो. परत येतोय तर त्या स्विचवरची एकही मशीन नेटवर्कवर नाही. सीएनसीला प्रोग्रॅम पाठवता येईना, भट्टीकडचा स्क्रीन कोरा.

झालं होतं असं. तो स्विच आधी ज्या स्टॅकमध्ये होता तिथं त्याचा नंबर ४ होता. स्विच आपला सदस्य क्रमांक स्वतःत जपून ठेवतो. आमच्या स्टॅकमध्ये ४ रिकामाच होता, त्यामुळं तो ४ म्हणूनच आत आला. आमची सगळी सेटिंग लिहिलेली होती जीआय२/०/१ ते जीआय२/०/४८ वर, आणि त्याचे पोर्ट दिसत होते जीआय४/०/१ पासून, कोरे, व्हीलॅन १ मध्ये. म्हणजे घर तेच, दारावरची पाटी दुसरी, आणि पत्रं जुन्या पाटीवर येतायत. "स्विच ४ रीनंबर २" दिलं, तो स्विच रीलोड केला, परत आला तेव्हा जुनी सेटिंग त्याला आपोआप लागली. दुपारचे दोन तास मात्र गेले आणि भट्टीवरच्या माणसांना ते उन्हात काढावे लागले, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून नवीन स्विच आणला की जोडायच्या आधी एकटा चालू करून त्याचा नंबर बघतो. आणि शहापूरकर, कन्सोल लावायचा कंटाळा असेल तर सिस्कोच्या अशा स्विचवर पुढं डाव्या कोपऱ्यात मोड नावाचं बटण असतं. ते दाबत दाबत स्टॅकचा दिवा लागेपर्यंत न्यायचं. मग पोर्टांचे दिवे स्टॅकमधले सदस्य दाखवतात आणि त्यातला जो लुकलुकतो तो त्या स्विचचा स्वतःचा नंबर. हे करून बघ, तुझा वरचा स्विच कितवा आहे ते तिथल्या तिथं कळेल.

निपाणीकर

मायक्रोटिकवाल्यांसाठी माझ्याकडून. मी निपाणी आणि आसपासच्या गावांत इंटरनेट देतो, चिकोडीपर्यंत. मायक्रोटिकवर नाव सरळ असतं: इथर१, इथर२, फायबरचा एसएफपी१, दहा गिगाबिटचा एसएफपी-एसएफपीप्लस१. स्लॉट नाही, स्टॅक नाही. वर हे नाव आपण बदलूही शकतो, सिस्कोवर तसं करता येत नाही. मी इथर१ चं "फायबर-मेन" केलंय, इथर२ चं "टॉवर-उत्तर". वाचायला सोपं जातं.

लिनक्सचं विचारलंय तर ते असं. पूर्वी ईटीएच०, ईटीएच१ असायचं आणि कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते शून्य. एखादं कार्ड वाढवलं की पुढच्या बूटला दोघांची अदलाबदल व्हायची, आणि फायरवॉलवर हे झालं म्हणजे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. म्हणून २०१३ मध्ये लिनक्समधल्या सिस्टमडीनं जागेवरून नाव द्यायची पद्धत आणली. ईएनपी३एस० मध्ये ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआयची ३ नंबरची बस, एस० म्हणजे स्लॉट शून्य. मदरबोर्डवरच असेल तर ईएनओ१. दिसायला अवघड, पण कार्ड जागचं हलवलं नाही तर नाव सहसा हलत नाही.

कॅम्पातली

निपाणीकर, नाव बदलण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. इथर१ पूर्ण पुसू नका. "इथर१-फायबर-मेन" ठेवा. रात्री अकराला तुम्ही गावाला असताना टॉवरवर चढलेल्या पोराला "टॉवर-उत्तरची वायर काढ" म्हणालात तर खोक्यावर तर ईटीएच२ छापलेलं आहे. त्याला कुठली वायर ते कसं कळणार? जागा आणि काम, दोन्ही नावात हवं.

निपाणीकर

हे पटलं. असं एकदा झालंय माझ्याकडं, पोरगा पावसात दहा मिनिटं वरच विचारत बसला होता. उद्याच बदलतो.

खानापूरचा लाइनमन

मी टेलिफोनच्या काळापासून वायरींच्या कामात आहे, आता वय झालं, तरी पोरं बोलावतात म्हणून जातो. माझं सांगणं थोडं निराळं.

आमच्याकडं वळीव येतो तो विजा घेऊनच. एप्रिल-मे मध्ये एखादा कडकडाट झाला की दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी पोर्ट गेलेला असतो. एका पतसंस्थेत असाच १७ नंबरचा पोर्ट गेला होता. जवळून बघितला तर आतल्या आठ पट्ट्यांतल्या दोन काळ्या पडलेल्या, नाकाला जळकट वास. तिथल्या माणसानं वायर काढून २२ मध्ये घातली, काम चालू झालं, तो आपल्या कामाला लागला. पण डिस्क्रिप्शन १७ वरच राहिलं: "सेव्हिंग काउंटर". २२ वर लिहिलेलं "रिकामा". पुढं दिवाळीच्या आधी ऑडिटसाठी कोणी तरी रिकामे पोर्ट बंद करायला घेतले आणि २२ शटडाऊन केला. दिवाळीच्या तोंडावर लोक पैसे काढायला आलेले, आणि काउंटर बंद.

म्हणून माझा नियम: वायर हलली की त्याच मिनिटाला लिहिलेलंही हललं पाहिजे. उद्या करू म्हटलं की ते राहिलंच.

दुसरं, भाषेचं. आमच्या भागात एका ऑफिसात मराठी, कन्नड, कोंकणी बोलणारी माणसं एकत्र असतात. वायरीवर कोणी मराठीत चिठ्ठी बांधतो, कोणी कन्नडमध्ये, आणि पुढच्याला ती वाचता येत नाही. मी एका ठिकाणी बघितलं, एकाच वायरीला दोन्ही भाषांतल्या दोन चिठ्ठ्या आणि दोन्ही वेगळं सांगत होत्या. त्यावर उपाय म्हणजे चिठ्ठीवर शब्दच नको, आकडे. इमारत, मजला, भिंतीवरच्या सॉकेटचा नंबर. ३-१-०७ म्हटलं की तिसरी इमारत, पहिला मजला, सातवा सॉकेट. तोच आकडा भिंतीवर, तोच पॅच पॅनलवर (भिंतीकडच्या वायरी रॅकमध्ये येतात ती पट्टी), तोच वायरीच्या दोन्ही टोकांना, तोच डिस्क्रिप्शनमध्ये. मग हुबळीहून आलेला असो की सावंतवाडीहून, काम अडत नाही.

शहापूरकर

काका, हे आमच्याकडं लगेच करण्यासारखं आहे. आमचे शिपाई मामा कन्नडच वाचतात आणि रात्री काही झालं तर तेच आधी पोचतात.

उद्यमबागवाला

काकांचं सोळा आणे खरं. आमच्याकडंही आकडेच आहेत. फक्त डिस्क्रिप्शनमध्ये आकड्याच्या मागं एखादा शब्द इंग्रजीत टाकतो, कारण ट्रॅफिकचा ग्राफ बघणाऱ्याला नुसत्या आकड्यावरून काही उमगत नाही.

कॅम्पातली

ग्राफचा विषय निघालाय म्हणून. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर पोर्टाला सहसा नावानं ओळखत नाही, एसएनएमपीमधल्या (मशीनची माहिती दुरून विचारायची पद्धत) इफ-इंडेक्स नावाच्या क्रमांकानं ओळखतं. काही मशीनवर कार्ड वाढवलं किंवा रीबूट झालं की हा क्रमांक बदलू शकतो, आणि लायब्ररीच्या ग्राफमध्ये भलत्याच पोर्टाचं ट्रॅफिक दिसायला लागतं. सिस्कोवर "एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट" देऊन ठेवा. तुमचं डिस्क्रिप्शन तिकडं इफ-एलियास म्हणून जातं आणि त्याची मर्यादा ६४ अक्षरांची आहे, तेव्हा महत्त्वाचं पुढं लिहा.

आणि वहीवर विश्वास ठेवायच्या आधी पलीकडं कोण आहे ते मशीनलाच विचारता येतं. सिस्को-सिस्को असेल तर "शो सीडीपी नेबर्स", वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन असतील तर एलएलडीपी, ते बऱ्याच सिस्को स्विचवर "एलएलडीपी रन" देऊन चालू करावं लागतं. त्यात आपला पोर्ट आणि समोरच्याचा पोर्ट दोन्ही दिसतात. साधा कॉम्प्युटर असेल तर त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) घेऊन "शो मॅक ॲड्रेस-टेबल" मध्ये शोधायचा. तो ज्या पोर्टावर दिसेल तो दुसऱ्या स्विचकडं जाणारा असेल तर त्या स्विचवर जाऊन परत तेच. असं करत करत शेवटच्या भोकापर्यंत पोचता येतं, एकही वायर न काढता.

एक अडचण आधीच सांगते. काही स्विचवर अपलिंक मॉड्यूलच्या एकाच भोकाची जीआय१/१/१ आणि टीई१/१/१ अशी दोन्ही नावं यादीत दिसतात. "शो इंटरफेसेस स्टेटस" मध्ये कुठलं कनेक्टेड आहे ते बघूनच त्यावर लिहा. दुसऱ्यावर लिहिलेली सेटिंग मशीन निमूट घेतं आणि काहीही होत नाही.

शहापूरकर

मंडळी, आज सकाळी सात वाजता गेलो, कॉलेज भरायच्या आधी. मोडचं बटण दाबलं. वरच्या स्विचवर २ चा दिवा लुकलुकत होता, खालच्यावर १ चा. म्हणजे मी त्या दिवशी जीआय२/०/२४ काढला होता, आणि वहीत तो फी काउंटरच लिहिलेला आहे. वही बरोबर होती, मीच रॅक वरून खाली वाचत होतो.

मग खालच्या स्विचवर जीआय१/०/२४ बघितला. "शो इंटरफेसेस स्टेटस" मध्ये समोर एरर-डिसेबल्ड. हे काय असतं?

उद्यमबागवाला

स्विचनं स्वतःहून पोर्ट बंद केलाय. सरांनी त्यावर बीपीडीयू गार्ड (स्विचांमधले बीपीडीयू संदेश त्या पोर्टावर आले की पोर्ट बंद करणारी सोय) लावलेला असणार. लायब्ररीत टेबलाखाली लहान स्विच आहे का? त्यात एकाच वायरीची दोन्ही टोकं घातलेली आहेत का ते बघ. लूप झाला की असं होतं. आधी ती वायर काढ, मगच पोर्टावर शटडाऊन आणि नो शटडाऊन दे. उलट केलंस तर लगेच परत बंद पडेल.

शहापूरकर

अगदी तेच निघालं, दादा. लायब्ररीत रंगकाम झालं होतं, टेबलं हलवली होती. पाच पोर्टांच्या त्या छोट्या स्विचमध्ये एका पिवळ्या वायरीची दोन्ही टोकं घातलेली. मोकळी वायर लोंबकळत होती म्हणून कोणीतरी चांगल्या मनानंच खोचून ठेवली असणार. काढली, पोर्ट चालू केला, लायब्ररीयन मॅडमच्या कॉम्प्युटरवर नेट आलं.

आता दोन्ही स्विचवर पांढऱ्या टेपवर मोठ्या आकड्यात सदस्य क्रमांक चिकटवलाय, वरच्यावर २, खालच्यावर १. डिस्क्रिप्शन लिहायला घेतलंय, काकांच्या पद्धतीनं आकडे आधी आणि मग शब्द. पहिल्या स्विचचे ४८ पैकी ३१ पोर्ट झाले. ९ नंबरवर वहीत "एनएसएस ऑफिस" आहे, पण मॅक टेबलमध्ये तिथं काहीतरी वेगळंच दिसतंय. आज संध्याकाळी तिकडं जाऊन भिंतीवरचा सॉकेट बघतो आणि इथं कळवतो.

खानापूरचा लाइनमन

जाताना शिपाई मामांना बरोबर घे. कुठली भिंत कधी फोडली ते त्यांना माहीत असतं.